सबब फाईल नामंजूर

जुन्या मामलेदार कचेरीची थट्टा करणारे लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ती कचेरी अर्ज फेटाळीत असे हे खरे, परंतु फेटाळताना सबब देत असे. मुदत टळली आहे, स्टँप कमी लागला आहे, सातबाऱ्यावरील नाव व अर्जावरील नाव यांत एका वेलांटीचा फरक आहे, तलाठ्याचा दाखला जोडलेला नाही, सबब अर्ज नामंजूर, असा तांबड्या शाईतला शेरा घेऊन कचेरीची पायरी उतरणारा मनुष्य मनातल्या मनात संबंधित कारकुनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत असला, तरी पुढच्या हेलपाट्यास कोणता कागद बरोबर न्यावयाचा हे त्यास पक्के ठाऊक झालेले असे. नकाराची ही भारदस्त रीत अलीकडच्या यंत्रांनी साफ मोडीत काढली. दूरचित्रवाणी संचाखाली जी एक चपटी काळी वस्तू असते, जिला दुकानदार मीडिया प्लेयर म्हणतो आणि आमचे घर नुसती 'डबी' म्हणते, ती आपण उमेदीने आणलेला पेनड्राइव्ह पदरात घेते, निळा दिवा लुकलुकविते, पडद्यावर एक वर्तुळ फिरवीत ठेवून आपल्या अंतःकरणात आशा उत्पन्न करते, आणि नंतर 'ही फाईल चालविता येत नाही' एवढे एकच वाक्य उमटवून मौन धारण करते. का चालविता येत नाही, दोष फाईलचा की पेनड्राइव्हचा की खुद्द डबीचा, अपील कोठे करावयाचे, त्याची मुदत किती, यांपैकी कशाचाही खुलासा नाही. खाली असते ते फक्त 'ओके' असे एक बटन, जे दाबून आपण आपली संमती द्यावयाची. शिक्षा सुनावल्यावर आरोपीने 'ठीक आहे' म्हणावे, अशी अपेक्षा आमच्या फौजदारी कायद्यानेही कधी बाळगलेली नाही.

नकारास सबब नसली म्हणजे ती पुरविण्याची कामगिरी जमलेल्या मंडळींकडे येते, आणि सांगलीस आमच्या घरी माणसे जमली असता या कामास उमेदवारांची वानवा पडल्याचे मला स्मरत नाही. नातवाच्या मुंजीची चित्रफीत पाहावयास म्हणून सर्वजण चहा घेऊन स्थानापन्न झाले, डबीने आपले वाक्य उच्चारले मात्र, तोच थोरल्या मामांनी, ज्यांची सारी हयात वीज खात्यात गेली, 'कनेक्शन लूज आहे' असा निर्वाळा दिला. माझी थोरली बहीण, जिला सर्व घर आक्का म्हणते, हिने 'ज्यानं दिली त्यानं रिकामीच दिलीय, मला तेव्हाच संशय आला होता' असे म्हणून प्रकरण थेट फौजदारीकडे वळविले. आणि धाकट्या जावयांनी, सासुरवाडीत मत देण्यातली जोखीम ओळखून, 'अपडेट मारून बघायला हवं' एवढे निरुपद्रवी विधान केले, जे आजमितीस कोणत्याही यंत्राविषयी कोणीही, केव्हाही करू शकतो. दरम्यान कोणीतरी पेनड्राइव्ह उपसून काढला आणि त्याच्या तोंडाशी फुंकर मारून तो पुन्हा बसविला. या फुंकरीने एखादी फाईल सुरू झाल्याचा दाखला मला अद्याप मिळालेला नाही. परंतु फुंकर न मारता पेनड्राइव्ह परत बसविणारा मनुष्यही मला अद्याप भेटलेला नाही.

मामांच्या निदानात कधीकधी तथ्य निघते, हे मात्र प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. पूर्वी याच डबीस कोणी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क जोडली होती, ती टिक-टिक असा आवाज करी, क्षणभर दिसे आणि पुन्हा नाहीशी होई. यूएसबीच्या दुसऱ्या पिढीच्या छिद्रातून ५०० मिलिअँपिअरपेक्षा अधिक वीज द्यावी असे बंधन कोणावर नाही, आणि तबकडी फिरू लागते त्या क्षणी तिची मागणी त्याहून अधिक असू शकते. तेव्हा दोष फाईलचा नसून शिध्याचा होता, व वेगळ्या वीजपुरवठ्याची जोडणी देताच तो दूर झाला. त्या दिवसापासून मामा आपल्या निदानात तसूभरही बदल करीत नाहीत. परवा आक्काच्या गुडघेदुखीवर बोलतानाही ते सांध्यांच्या 'कनेक्शन'पाशी येऊन पोहोचले होते.

आता खरी सबब. तिचा शोध घेऊ जाता प्रथम कळून येते ते असे की, फाईलच्या नावाअखेर टिंबापुढे जी तीन अक्षरे असतात ती केवळ लखोट्याची जात सांगतात; आतला मजकूर कोणत्या भाषेत लिहिला आहे याविषयी ती अक्षरे काहीही बोलत नाहीत. एव्हीआय हा मायक्रोसॉफ्टने १९९२ साली काढलेला लखोटा. एमपी-फोर हा त्यानंतरचा, आंतरराष्ट्रीय मानकांचा शिक्का असलेला. एमकेव्ही हा २००२ पासून चालत आलेला, कोणाच्याही मालकीचा नसलेला आणि पोटाने फार मोठा. त्यात चित्र, दोन-चार भाषांतील ध्वनी, उपशीर्षके, फार काय उपशीर्षकांची अक्षरवळणेसुद्धा मावतात. या लखोट्यांत चित्राचा मजकूर मात्र एच.२६४ या २००३ सालच्या भाषेत असेल, २०१३ सालच्या एच.२६५ मध्ये असेल, २०१८ च्या एव्ही-१ मध्ये असेल, किंवा यांच्या आजोबा-पणजोबांच्या कोणत्याही बोलीत असेल. डबीच्या खोक्यावर 'एमकेव्ही चालते' असे ठळक छापलेले असते आणि ते अक्षरशः सत्य असते. लखोटा फोडता येतो एवढेच कंपनीने कबूल केलेले असते, पत्र वाचून दाखविण्याचा करार तिने कोठेही केलेला नसतो.

काही डब्या तर लखोटाही फोडीत नाहीत, वरचा पत्ता पाहूनच परत करतात. अशा वेळी टिंबापुढची अक्षरे बदलून फाईलचे नुसते नामांतर केले तरी ती मुकाट्याने चालू लागते, आणि ज्या शाळकरी मुलाने हे केले त्याची कीर्ती आळीभर पसरून त्यास दर रविवारी निरनिराळ्या घरांतून पोह्यांची आमंत्रणे येऊ लागतात. लखोटा आणि मजकूर यांची सक्तीची सोयरीक मोडण्याचा यशस्वी उद्योग फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या जेरोम रोटा नामक गृहस्थाने १९९८ च्या सुमारास केला होता. मायक्रोसॉफ्टची चित्र दाबण्याची एक विद्या होती, परंतु तिचे फलित कंपनीच्याच लखोट्यात घालावे अशी अट होती. रोटाने कुलूप काढून ती विद्या एव्हीआयच्या लखोट्यात नेऊन बसविली, आणि डिव्हएक्स या नावाने ती जगभर अशी फोफावली की पुढे डीव्हीडी प्लेयरवर तिची चिठ्ठी चिकटविलेली पाहिल्यावाचून गिऱ्हाईक पैसे मोजीना. कायद्याच्या दृष्टीने प्रकार कसा होता हे मी सांगत बसत नाही. इतिहासात अशा प्रकरणांना यश आले की त्यांस शोध म्हणतात.

सर्व घरांतून, सर्व वयोगटांतून, सर्व सुरांत उच्चारले जाणारे एक वाक्य येथे विचारात घेणे प्राप्त आहे: 'पण कॉम्प्युटरवर तर चालते!' या वाक्यात तक्रार असते, पुरावा असतो आणि डबीस लाज वाटावी अशी योजनाही असते. डबीस लाज वाटत नाही, याचे कारण तिच्या जन्मात आहे. संगणकावर फाईल वाचणारा असतो तो एक प्रोग्राम, म्हणजे शिकता येणारा मनुष्यच म्हणा ना. पॅरिसच्या एकोल सांत्राल या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेला आणि २००१ साली सर्वांस मुक्त केलेला व्हीएलसी घ्या, नवी भाषा निघाली की कोणीतरी तिचे व्याकरण त्यात लिहून घालतो आणि तो ती बोलू लागतो. डबीच्या आत मात्र एक चिप असते, तिला ठराविक चार-सहा भाषा कारखान्यातच, सिलिकॉनमध्ये कोरून दिलेल्या असतात. त्यामुळेच ती पंख्यावाचून, चिमूटभर विजेवर, तळहाताएवढ्या जागेत तीन तासांचा चित्रपट न दमता दाखवू शकते. आणि त्यामुळेच तिच्या जन्मानंतर निघालेली भाषा तिला आमरण येत नाही. तिची ही सनद वंशपरंपरागत आहे. तीत भर घालण्याचा अधिकार हुजुरासही नाही, मग अपडेट मारणाऱ्या जावयांस कोठून असणार?

एवढे समजले तरी मुंजीच्या फाईलचे कोडे सुटेना, कारण तिची भाषा एच.२६४, म्हणजे डबीच्या सनदेतलीच होती. शेवटी पुण्याहून आलेल्या माझ्या पुतण्याने मीडियाइन्फो नावाच्या एका साधनाने त्या फाईलचा सारा वृत्तान्त काढून कागदावर छापला, आणि नेमके त्याच वेळी शेजारचे निवृत्त अव्वल कारकून वर्तमानपत्र परत करावयास आले. तीस वर्षे तहसील कचेरीत काढलेल्या या गृहस्थांस आजवर आमच्या डबीत रस नव्हता. पण छापील कागद दिसताच त्यांनी चष्मा पुसला, 'बघू' म्हणाले, आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून तो वृत्तान्त पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतला. फाईलचे आकारमान, लांबी, रुंदी, दर सेकंदाची चित्रे, प्रत्येक नोंदीवरून त्यांचे बोट संथपणे सरकत होते, आणि मधूनमधून ते 'बरं' म्हणत होते, ज्यात संशय काठोकाठ भरलेला होता.

एका ओळीशी बोट थांबले. 'हे लेव्हल पाच पॉइंट एक म्हणजे काय?'

पुतण्याने सांगितले की, ती फाईलची स्वतःविषयीची घोषणा असते. वाचणाऱ्यास किती श्रम पडतील, किती मागली चित्रे एकाच वेळी स्मरणात धरावी लागतील, याचा तो इयत्तेसारखा अंक. डबीची इयत्ता चार पॉइंट एक. १९२० गुणिले १०८० मापाच्या चित्रास, मागली चार चित्रे स्मरणात धरावयाची असतील तर ती इयत्ता पुरते. सोळा धरावयाची असतील तर पुरत नाही, आणि मग चित्र चालले तरी त्याचे चौकोन-चौकोन होऊन बटूचे नाक कानापाशी जाते.

'आणि आपल्या फाईलला किती चित्रं लागतात?'

'खाली लिहिलंय बघा, काका. रेफरन्स फ्रेम्स, चार.'

अव्वल कारकुनांनी चष्मा काढला. त्यांच्या चर्येवर तो प्रकाश आला जो सेवाकाळात एखादी बनावट वारसनोंद पकडताना येत असला पाहिजे. 'म्हणजे मजकूर चार पॉइंट एकचा, आणि प्रतिज्ञापत्र पाच पॉइंट एकचं! तुमच्या डबीचं काही चुकलं नाही. मी असतो तरी हा कागद परत केला असता.'

आणि सबब खरोखर हीच होती. ज्या स्नेह्याने ती चित्रफीत आपुलकीने 'लहान करून' दिली होती, त्याच्या संगणकाने मथळ्यात उगाच वरची इयत्ता लिहून ठेवली होती; डबीने आतला एक शब्दही न वाचता, केवळ मथळा पाहून प्रकरण निकालात काढले होते. चित्रास हात न लावता मथळ्यातला तेवढा अंक बदलता येतो, व तो पुतण्याने काही क्षणांत बदलला. फाईल चालली. मातृभोजनास बसलेला बटू, त्याचे नाक योग्य ठिकाणी, पडद्यावर दिसू लागला. सर्वांनी आनंद व्यक्त केला. एकटे अव्वल कारकून अस्वस्थ होते.

'म्हणजे तुम्ही खाडाखोड केलीत,' ते म्हणाले.

'खाडाखोड नाही काका, दुरुस्ती.'

'दुरुस्तीवर सही लागते,' असे म्हणून ते निघून गेले. तेव्हापासून मात्र आमच्या घरची प्रत्येक नादुरुस्त फाईल छापील वृत्तान्तासह प्रथम त्यांच्याकडे जाते, आणि ते ती दोन दिवस ठेवून घेतात.

पेनड्राइव्हच्या सारावसुलीची एक निराळीच तऱ्हा आहे. १९९६ पासून चालत आलेल्या फॅट-३२ नामक मांडणीत प्रत्येक फाईलच्या आकारमानाची नोंद करण्यास जेवढी जागा ठेवलेली आहे, तीत ४२९ कोटी ४९ लक्ष ६७ हजार २९५ बाइट एवढाच आकडा मावतो. यापुढे एक बाइट झाला की फाईल नामंजूर. मग पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचा असो आणि त्यातील साठ जीबी ओस पडलेली असोत. एनटीएफएस किंवा एक्सफॅट मांडणी केली तर ही मर्यादा उरत नाही, परंतु जुन्या डबीस त्या मांडण्या ओळखीच्या नसण्याचा संभव असतो आणि मग तिला पेनड्राइव्हच दिसत नाही. मोठी फाईल नाकारली जावी, की सर्वच फाईली अदृश्य व्हाव्यात, एवढीच निवड नागरिकास राहते. आमच्या येथे दुसरा पर्याय निवडून पाहिला तेव्हा आक्काने 'बघा, रिकामाच होता' असे म्हणून आपली मूळ फिर्याद पुन्हा दाखल केली.

सनद आहे, मथळा निर्दोष आहे, आकारही मर्यादेत आहे, आणि तरीही नकार आला तर परवान्याची चौकशी करावी. चित्रे आणि ध्वनी दाबण्याच्या या विद्यांवर पेटंटधारकांचे हक्क असतात, आणि यंत्र बनविणाऱ्यास दर नगामागे काही रक्कम भरावी लागते. ती वाचवावी म्हणून काही दूरचित्रवाणी संच डीटीएस पद्धतीचा ध्वनी ऐकवीत नाहीत, चित्र दाखवितात आणि पात्रांस मुकी ठेवतात. या बाबतीतला सर्वांत रमणीय खटला केंब्रिजचा आहे. तेथल्या एका धर्मादाय संस्थेने मुलांना संगणकविद्या शिकता यावी म्हणून २०१२ साली रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक ३५ डॉलरांस काढला, आणि लोकांनी मुलांच्या हातून तो काढून घेऊन दूरचित्रवाणी संचास जोडला. त्याच्या चिपमध्ये डीव्हीडीची एमपेग-२ ही भाषा वाचण्याची शक्ती जन्मतः होती. परंतु प्रत्येक नगावर परवान्याचे पैसे भरले असते तर किंमत वाढली असती, म्हणून ती शक्ती कुलूपबंद ठेवली होती. ज्यास हवी त्याने २ पौंड ४० पेन्स भरावेत, आपल्या यंत्राचा अनुक्रमांक कळवावा, आणि त्या एकाच यंत्रास लागू पडणारी किल्ली मागवून घ्यावी. क्षमता अंगी असूनही सनदेअभावी मूग गिळून बसलेला हा जीव पाहून मला आमच्या तालुक्यातील कित्येक विद्वानांची आठवण होई. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये एमपेग-२ ची अमेरिकेतील उरलेली पेटंटे संपली. किल्लीची गरज संपण्याचा मार्ग मोकळा होतो आहे तोच, २०१९ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत चिपमधली ती सोयच उरली नाही. नवा प्रोसेसर इतका चपळ होता की हे काम तो स्वतःच उरकी, वेगळ्या सोयीची त्यास गरज नव्हती, हे खुलाशादाखल सांगितले पाहिजे. परंतु परवाना माफ होण्याचा आणि परवान्याचा विषय गुप्त होण्याचा हा योग ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्यास मुळीच अपरिचित वाटणार नाही.

डबी चित्र दाखविते, ध्वनी ऐकविते, आणि तरीही अन्याय करू शकते, हे आम्हांस उपशीर्षकांनी शिकविले. थोरल्या मामांस ऐकू कमी येते, म्हणून पुतण्याने मोठ्या कष्टाने मुंजीतील सर्व संभाषणे देवनागरीत टंकून चित्राखाली येतील अशी एक वेगळी फाईल तयार केली. पहिल्या खेपेस भटजींनी तोंड उघडताच खाली रोमन लिपीतला, डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए', त्यास चिकटून चार पायांच्या वर्तुळासारखे एक चलनचिन्ह, पुन्हा तोच 'ए', पुन्हा तेच चिन्ह, अशी न संपणारी माळ सुरू झाली. मामांनी ती श्रद्धापूर्वक पाहून 'मंत्र आहेत वाटतं' असे म्हटले. युनिकोडमध्ये लिहिलेले बाइट डबी जुन्या पाश्चात्त्य लेखनव्यवस्थेने वाचीत होती, म्हणून आमच्या प्रत्येक अक्षराच्या आरंभी हीच जोडी उमटत होती. लेखनव्यवस्थांच्या यादीतून युनिकोड निवडल्यावर माळ गेली आणि तिच्या जागी रिकामे चौकोन आले, कारण डबीपाशी देवनागरीचे एकही वळण नव्हते. पुतण्याने देवनागरी वळणाची फाईल तिच्यात घातली. आता अक्षरे आली. पण त्यांची जुळणी करण्याची विद्या तिला अवगत नसल्याने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडे न बसता पलीकडे उभी राहिली, जोडाक्षरांचे पाय मोडून ती हलन्तासह विभक्त झाली, आणि 'भिक्षावळ' या शब्दाची अशी काही शकले पडली की ती पाहून आमचे गुरुजी हयात असते तर त्यांनी छडी मागविली असती. मामांनी तेही सर्व वाचले. शेवटी पुतण्याने अक्षरे चित्रावरच कायमची छापून टाकली. अक्षरे चित्राचाच भाग झाल्यावर ती वाचण्याचा प्रश्न डबीपुढे उरला नाही, तिने ती सुखाने दाखविली. मामा म्हणाले, आधीचेच बरे होते, आता फार भरभर जातात.

पुढे पुतणीचे लग्न झाले. छायाचित्रकार नव्या विद्येचा होता, उमेदवार होता, आणि त्याने 'ओरिजिनल क्वालिटी' द्यावयाची असा पण केला होता. सबंध लग्न त्याने एच.२६५ मध्ये, चार हजार बिंदूंच्या रुंदीत, प्रत्येक छटेस २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या देणाऱ्या दहा-बिटी नोंदीत टिपले होते. एवढेही आम्ही मधल्या काळात घेतलेल्या नव्या डबीने खपवून घेतले असते, पण गोम रंगाच्या हिशेबात होती. मनुष्याच्या डोळ्यास उजेडातला फरक तीव्रतेने कळतो आणि रंगातला तितका कळत नाही, या मानवी दौर्बल्याचा लाभ घेऊन घरगुती यंत्रांसाठीच्या चित्रांत दर चार बिंदूंच्या चौकोनामागे उजेडाच्या चार नोंदी आणि रंगाची एकच नोंद ठेवतात. छायाचित्रकाराने शालूचा रंग मागाहून हवा तसा खुलविता यावा म्हणून रंगाच्या दोन नोंदी ठेवल्या होत्या. घरोघरच्या डब्यांची चिप एक नोंद वाचावयास शिकलेली असते, दोन नोंदी पाहून ती बही मिटून ठेवते. छायाचित्रकारास फोन केला तेव्हा त्याने 'सर, आमच्याकडे तर चालतंय' असे उत्तर दिले, जे त्याच्या व्यवसायात आरंभीच्या प्रशिक्षणातच पाठ करून घेत असावेत.

इलाज एकच होता, सर्व मजकूर डबीस कळणाऱ्या भाषेत नव्याने लिहून काढणे. लखोटा बदलणे हे दोन मिनिटांचे काम असते आणि त्यात काही गमावत नाही. भाषा बदलणे हे मात्र एका-एका चित्राचे काम, शिवाय त्यात थोडे सत्त्व जातेच. पुतण्याचा लॅपटॉप रात्रभर माजघरात धापा टाकीत होता. उरलेला वेळ आरंभी तीन तास दाखवीत होता, तासाभराने तो चार तास दाखवू लागला, तेव्हा आम्ही दिवा मालवून निजलो. ध्वनी मुळातच उत्तम आहे, त्यास हात नको, या विचाराने पुतण्याने तो होता तसा, मुळीच न दाबलेल्या स्वरूपात, नव्या लखोट्यात घालून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सर्व आप्त पुन्हा जमले. फाईल लावली आणि चित्र आले. शालू असा खुलला होता की विहीणबाईंनी तो किती रुपयांस घेतला हे सर्वांस पुन्हा सांगितले. ध्वनी मात्र अजिबात नाही. न दाबलेला ध्वनी डबीच्या सनदेत नव्हता. सनईवाला गाल फुगवीत होता, भटजींचे ओठ हलत होते, अंतरपाट धरलेला होता, आणि त्यामागे, हातात कागद घेऊन, आक्का उभी राहिली होती.

येथे वाचकांस एक पूर्ववृत्त निवेदन करणे अवश्य आहे. मंगलाष्टके आक्काने स्वतः रचली होती, ती संख्येने अकरा होती, त्यांत वधूच्या घराण्याचा इतिहास पेशवाईच्या उत्तरार्धापासून गुंफला होता, आणि ती म्हणताना तिने जो स्वर लावला होता तो तिसऱ्या अष्टकापासून तिच्याच ताब्यात राहिला नव्हता. मांडवातील चारशे माणसांनी हातात अक्षता धरून तो प्रसंग निभावला होता. वराच्या हातातील हार त्या अवधीत दोनदा डाव्या हातातून उजव्या हातात गेल्याचे चित्रफितीत आता स्पष्ट दिसत होते.

'आवाज कुठं गेला?' आक्काने विचारले.

'पाच मिनिटांचं काम आहे, आत्या,' पुतण्या लॅपटॉप उघडू लागला. 'ध्वनी फक्त एएसीमध्ये बदलायचा. चित्राला हात लावावा लागणार नाही.'

थोरले मामा, ज्यांस ऐकूच कमी येते, त्यांनी सर्वप्रथम 'असू दे' म्हटले. जावयांनी, ज्यांनी आजवर या घरात अपडेटखेरीज दुसरे मत दिले नव्हते, त्यांनी अपडेटची मुळीच आवश्यकता नसल्याचे मत दिले. विहीणबाई म्हणाल्या की, आवाज नसला म्हणजे दागिने नीट बघता येतात. अव्वल कारकून कोपऱ्यातल्या खुर्चीवर वृत्तान्ताचा कागद मांडीवर घेऊन बसले होते, त्यांच्याकडे सर्वांनी पाहिले. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत एकदा वाचला, खिशातून तांबडे बॉलपेन काढले, समासात काहीतरी लिहिले आणि खाली सही करून तो पुतण्याच्या हाती दिला. फाईल आहे त्या स्थितीत दप्तरदाखल करण्यात आली होती.